साईडला टाकलेली गाडी

शनिवार, रात्री साडेनऊ. मामांच्या घरी.

मामांचा फोन मंगळवारीच आला होता. "यायचं तर गाडीनं ये. एस्टीनं आलीस तर फाट्यावर उतरशील आन् कुणाच्या ध्यानातबी येणार न्हाई. ठेसनावर उतरणारं माणूस दिसलं पायजे."

म्हणून आज पॅसेंजरनं आले. निघताना सूनबाई म्हणाली, "आई, एसटीनं दुपारच्या जेवणाला पोचाल, गाडीनं काय खरं नाही." तिचं चूक नाही. साताऱ्याचं स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. तिथवर जायला रिक्षावाल्यानं घेतलेले पैसे पॅसेंजरच्या तिकिटाच्या कितीतरी वर गेले. पण मामा ८४ वर्षांचे आहेत आणि त्यांनी आजवर माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. गाडीनं ये, एवढंच मागितलं.

डब्यात खिडकी मिळाली. शनिवार असूनही गर्दी बेताची. समोर रहिमतपूरला निघालेली दोघं नवरा-बायको, पलीकडे कराडला परीक्षेला जाणाऱ्या तीन मुली, आणि दाराशी एक आजीबाई दोन पाट्या घेऊन खालीच बसलेल्या. मी म्हटलं, "आजी, वर बसा की, जागा आहे." तर म्हणाल्या, "नगं. पाट्या आन् मी संगंच बरं." जरंडेश्वराचा डोंगर मागे सरकला, कोरेगाव आलं. रहिमतपूर, तारगाव, मसूर, शिरवडे. शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांकडून ही नावं पाठ करून घ्यायचे. नकाशात लांबच्या लांब नद्या शोधण्याआधी आपल्या शेजारची आठ स्टेशनं ओळीनं सांगता आली पाहिजेत, असा माझा हट्ट असायचा. बऱ्याच मुलांनी ती स्टेशनं कधी बघितलेली नसायची. घर रुळांपासून दोन कोसांवर असूनही.

मसूरच्या पुढं, शिरवड्याला, गाडी थांबली ती थांबलीच. "साईडला टाकली," कुणीतरी म्हणालं आणि डबा सैल झाला. लोकांनी डबे उघडले, पोरं खाली उतरली. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी कारणही विचारत नाही. लहानपणी मात्र मी विचारायचे आणि मामाच समजावून सांगायचे. रूळ एकच. समोरून दुसरी गाडी यायची, तर दोघींची गाठ स्टेशनातच पडली पाहिजे, कारण तिथंच बाजूचा रूळ असतो. एकीनं बाजूला व्हायचं, दुसरीनं धडधडत निघून जायचं. बाजूला कुणी व्हायचं हे आधीच ठरलेलं. एक्स्प्रेस सहसा बाजूला होत नाही.

आता पुणे-मिरज या सुमारे २८० किलोमीटरच्या मार्गावर बहुतेक ठिकाणी दुसरा रूळ पडलाय, वर विजेच्या तारा आल्यात. मला वाटलं होतं, आता पॅसेंजरचं हे थांबणं संपेल. पण दुसऱ्या रुळानं फक्त समोरून येणारीचा प्रश्न सुटतो. मागून येणाऱ्या वेगवान गाडीला वाट द्यायची तर पॅसेंजरला अजूनही साईडलाच जावं लागतं. आणि मागून येणाऱ्या गाड्या तर वाढत चालल्यात. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली. माझा मुलगा त्याच गाडीनं पुण्याहून येतो, त्याचा वेळ वाचतो, मला त्याचा आनंदच आहे. ती सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज एवढी थांबते. तिनं शिरवड्याला थांबावं असं कुणीच म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की शिरवड्याला जी थांबते ती तरी माणसांच्या उपयोगाच्या वेळेला थांबावी.

आज पंचवीस मिनिटं गेली. एक्स्प्रेस गेली तेव्हा खिडकीच्या गजाला धरलेल्या बोटांत थरथर जाणवली. तिचे डबे मोजेपर्यंत ती गेलीसुद्धा. दाराशी बसलेल्या आजी म्हणाल्या, "गेली बया. आता आपली."

कराडला मुली उतरल्या. कराडचं गाव नदीपलीकडे, स्टेशन अलीकडे ओगलेवाडीत. ओगल्यांचा काचकारखाना इथलाच. प्रभाकर कंदील इथं घडायचे. आमच्या आजोळी माजघरात खुंटीला एक होता, काचेवर काजळीची जीभ उमटलेला. आज विचारलं मामींना, तर म्हणाल्या, माळ्यावर असंल. पुढं किर्लोस्करवाडीची गोष्ट तशीच. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभा केला. जागा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिली. त्या स्टेशनाचं नाव तेव्हा कुंडल रोड होतं. कारखान्यामागून गाव आलं आणि स्टेशनानं गावाचं नाव घेतलं. पण आधी तिथं काय होतं? निवडुंग, माळ आणि थांबणारी गाडी. यंत्रं यायला आणि नांगर बाहेर जायला रूळ जवळ होते. आज कुणी हिशोब मांडून त्या माळावरच्या कुंडल रोडला विचारलं असतं, बाबा तुझ्याकडे रोज किती तिकिटं खपतात, तर त्यानं काय उत्तर दिलं असतं?

हे 'रोड' मला फार आवडतं. स्टेशनाच्या नावापुढं रोड लागलं की समजायचं, गाव इथं नाही, इथून वाट आहे. जत रोडला उतरून जत दिसत नाही. सासवड रोडला सासवड नाही. गाडी म्हणते, मी तुम्हाला इथवर आणलं, पुढं तुमचे पाय.

कराडनंतर शेणोली. मामांच्या तोंडून शेणोलीचं नाव नुसतं कधी येत नाही, त्याला १९४३ जोडूनच येतं. ७ जून १९४३ला कुंडलच्या तुफान सेनेनं तिथं सरकारी पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, त्यांचे पुढारी. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार तेव्हा या भागात चालू होतं. मामा तेव्हा फार लहान होते, पण त्यांचे वडील सांगायचे, त्या आठवड्यात गावात जो तो मोठ्यानं बोलायचा. गाडी शेणोलीला आज मिनिटभर थांबली. एक माणूस सायकलचं टायर खांद्यात अडकवून उतरला.

माझं स्टेशन आलं तेव्हा दारात मी आणि त्या आजीच. त्यांनाही इथंच उतरायचं होतं. आमच्या स्टेशनाचा फलाट सखल आहे, आणि डब्याची पायरी आणि जमीन यांच्यात चांगलं गुडघाभर अंतर राहतं. आजींनी आधी दोन्ही पाट्या खाली सोडल्या. मग डब्याकडे तोंड करून, शिडी उतरतात तशा, दोन्ही हातांनी दांडा धरून एक पाय खाली सोडला. तो पाय हवेत चाचपत राहिला. मी आधी उतरून त्यांच्या घोट्याला धरून पायरीवर टेकवला. "हं, आता दुसरा." तेवढ्यात मला भीती वाटत होती की गाडी हलेल. मागे बघितलं तर गार्ड दारात उभे राहून आमच्याकडेच बघत होते. हिरवं निशाण गुंडाळलेलं, हातात तसंच. (जानेवारी २०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. गावात अजून गार्डच.) आजींचे दोन्ही पाय जमिनीला लागले, पाट्या त्यांनी बाजूला ओढल्या, मग निशाण उलगडलं. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. आज रात्री लिहिताना पहिल्यांदा तेच आठवलं.

मामा काठी टेकत फलाटावर उभे होते. मी पाया पडले तर म्हणाले, "दोघी उतरला. ब्येस झालं."

स्टेशनाच्या ओट्यावर, खांबाला, रुळाचा एक हातभर तुकडा तारेनं टांगलेला आहे. तीच इथली घंटा. गाडी मागच्या स्टेशनातून सुटली की त्यावर टोले पडायचे आणि शेतातली माणसं त्या आवाजावर निघायची. दोन टोल्यांवर बांधावरून निघालं तर गाडी मिळते, असा मामींचा हिशोब होता. आज जवळ जाऊन नीट बघितलं. तुकडा सगळा गंजून तपकिरी, फक्त मधोमध रुपयाएवढी जागा खोल गेलेली आणि गुळगुळीत, वर्षानुवर्षं हातोडी एकाच ठिकाणी बसल्यानं. त्या खळग्यात अंगठा बरोब्बर बसतो. आतही आता गंज धरू लागलाय. बरेच दिवस कुणी वाजवलेला नाही.

उरलेलं उद्या. मामी दिवा घालवा म्हणतायत.

रविवार, रात्री अकरा. सातारा.

घरी पोचले. पाय सुजलेत, पण काल राहिलेलं लिहून टाकते.

सकाळी मामांनी पिशवीतून कागद काढले. गावच्या लोकांनी अर्ज केला होता, सकाळची एक गाडी इथं थांबावी, म्हणजे सांगलीला कामाला आणि कॉलेजला जाणाऱ्यांना सोय होईल. उत्तर आलं, उत्पन्न अपुरं. मामांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांनी ते नातवाकडून तीनदा वाचून घेतलं. मला चौथ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "उत्पन्न कशानं अपुरं, त्येबी लिवलंय का?" नव्हतं लिहिलेलं.

मामांनी ते मला तोंडी सांगितलं, मी मामांच्याच शब्दांच्या जवळ राहून लिहिते. आधी, म्हणजे त्यांच्या तरुणपणी, इथं मीटरगेज होती. रुळांमधलं अंतर मीटरभर, गाडी लहान, पण सकाळी जाणारी आणि संध्याकाळी येणारी. दुधाच्या किटल्या खिडकीच्या गजाला बाहेरून आकड्यानं अडकवायचे. भिलवडीत १९३९ साली भास्कर गणेश चितळ्यांनी दुधाचा धंदा सुरू केला, त्यानंतर या पट्ट्यात घरटी म्हैस आली असं मामा म्हणतात. औदुंबरला दत्तदर्शनाला जाणारे भिलवडीला उतरायचे. पौर्णिमेला डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. १९७१ला ब्रॉडगेज झाली. गाडी मोठी झाली, मुंबईपर्यंत सरळ जायला लागली, गावाला त्याचा अभिमान वाटला. मग लांबच्या गाड्या वाढत गेल्या तशा जवळच्या गाडीच्या वेळा त्यांच्या मधल्या फटींत बसवल्या गेल्या. सकाळची गाडी उशिरा आली, कचेरीची वेळ टळू लागली. नोकरदारांनी मोटारसायकली घेतल्या. पोरांनी एसटीचे पास काढले. खिडकीवरची तिकिटं कमी झाली.

"आन् मग म्हंत्यात, तिकिटं न्हाईत," मामा म्हणाले. "आधी ताट सरकवायचं, मग म्हनायचं, जेवत न्हाई."

मार्च २०२० मध्ये सगळ्याच गाड्या थांबल्या. त्यात कुणाला दोष नाही. पण पॅसेंजर परत सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसचं भाडं लावून. कमीत कमी तिकीट १० रुपयांचं होतं ते ३० झालं. गाडी तीच, थांबे तेच, उशीरही तोच. सुरू होईपर्यंत कितीतरी महिने गेले आणि भाडं परत १० वर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. वरच्या लोकांना २० रुपयांचा फरक म्हणजे काय वाटेल कोण जाणे. काल माझ्याबरोबर उतरलेल्या आजी मेथी-कोथिंबिरीच्या पाट्या घेऊन आठवड्यातून तीन दिवस जातात. जाऊन-येऊन २० रुपये लागायचे तिथं ६० लागले, म्हणजे तीन दिवसांचे १८०. मेथीची जुडी ज्या दिवशी पाच रुपयांना जाते त्या दिवशी आठ जुड्या नुसत्या त्या वाढीव भाड्याच्या. त्यांनी ती वर्षं टेम्पोवाल्याला धरलं. आता परत गाडीला लागल्यात, पण त्यांच्याबरोबरच्या चौघींतल्या दोघी परत आल्याच नाहीत. सवय मोडली की मोडली.

मामांचा नातू मोबाईलवर वाचून सांगत होता, तेलंगणात नेकोंडा नावाच्या गावी लोकांनी वर्गणी काढली आणि कुठं जायचं नसतानाही रोज तिकिटं काढली, थांबा टिकावा म्हणून. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. केवढी माया असेल त्या गावाची त्या गाडीवर! आणि केवढी वेळ आणलीय त्यांच्यावर, की बसायचं नाही त्या गाडीचं भाडं भरायचं. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग नातवाला म्हणाले, "आपुन तसं न्हाई करायचं. आपुन बसायचं."

तर मामांचं असं चाललंय. दर सोमवारी ते स्वतः तिकीट काढून सांगलीला जातात. मामी म्हणतात, काही काम नसतं. सांगलीला उतरतात, स्टेशनबाहेर चहा घेतात, गणपतीला जाऊन येतात, परतीच्या गाडीनं येतात. पुतण्यांना, भाच्यांना, जावयांना फोन करून सांगतात, गाडीनं या. बहुतेकजण हो म्हणतात आणि चारचाकीनं येतात. काल मी आले म्हणून त्यांनी स्टेशनावर घरचं खोबरं-साखर आणली होती, गार्डला द्यायला. गाडी सुटली, द्यायचं राहून गेलं. आज मला दिली.

मी आज दिवसभर विचार करत होते, की मला नक्की काय हवंय. जुनी गाडी परत यावी असं मला वाटत नाही. मीटरगेजमध्ये कोळशाचे कण डोळ्यांत जायचे, आई रुमालाच्या टोकानं काढायची, त्यात सुंदर काही नव्हतं. दुसरा रूळ हवा, विजेची गाडी हवी, वंदे भारत हवी. पण एवढा खर्च करून नवा रूळ टाकलाय तो या गावांच्या शिवारातूनच गेलाय ना? मामांच्या चुलतभावाची रुळालगतची पट्टी त्यात गेली. रात्रंदिवस त्यांच्या घराची कौलं हादरतात. मग सकाळी आठ-साडेआठला सांगलीत पोचवणारी आणि संध्याकाळी सहाला निघणारी एक साधी गाडी, वेळेवर, फलाट पायरीला लागेल एवढा उंच, आणि तिकिटाची खिडकी गाडीच्या आधी उघडलेली. तीन गोष्टी. वर्षभर एवढं करा आणि मग तिकिटं मोजा. मला खात्री आहे की माणसं येतील. मी तीस वर्षं पोरं शिकवलीत. शाळेची घंटा रोज वेगळ्या वेळेला वाजवली असती तर पट टिकला नसता आणि दोष मी मुलांना दिला नसता.

संध्याकाळी मामा सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. नातू मोटारसायकलवर मागे बसवून आणतो म्हणाला, तर नाही, चालत. खिडकी उघडी होती. तिकीट मी काढणार तर मामांनी पुढं होऊन दहाच्या नोटा सरकवल्या. "सातारा एक." आतल्या माणसानं हसून विचारलं, "बाबा, आज तुमी न्हाई?" "मी उद्या," मामा म्हणाले, "आज भाची."

जुनी पुठ्ठ्याची तिकिटं गेली. ती आत घालून तारखेचा ठसा पडायचा तो खट्ट आवाज मला अजून आठवतो. आता कागदाचा पातळ तुकडा मिळतो. मी तो वहीत ठेवलाय, या पानात.

गाडी आली ती वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा. मामा पिवळ्या पाटीखालच्या कट्ट्यावर बसून राहिले. मी चढले, आणखी दोघं चढले, कॉलेजची पोरं. मामांनी काठीनं हवेतच तिघांना मोजलं.

कराड गेलं, आणि शिरवड्याला गाडी परत साईडला गेली. बाहेर अंधार, उसाच्या फडात कुठंतरी बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज. कारखाने चालू आहेत, तोडीवाले रात्रीचीही वाहतूक करतात. मामांचा फोन आला.

"कुठवर गेलीस?"

"साईडला टाकलीय, मामा. शिरवडे."

"शिरवडे!" त्यांचा आवाज एकदम उजळला. "अगं, तितं इंजनाला पानी घ्यायचा हौद हुता. हौदाम्होरं लिंबाचं झाड. तुझ्या आईला आन् मला घिऊन आमचा आबा लग्नाला चालला हुता, गाडी अशीच थांबली. तुझी आई त्या झाडाखाली लिंबुळ्या येचत बसली, गाडी सुटायला लागली तवा आबानं तिला काखंत मारून उचलून टाकली डब्यात. हाय का बघ झाड."

मी उतरले. फलाटावरच्या दिव्याचा उजेड फार लांब जात नव्हता. एका प्रवाशाच्या मोबाईलची बॅटरी मागून घेतली आणि फलाटाच्या टोकापर्यंत गेले. हौद कुठं दिसला नाही, नवं बांधकाम आहे. पण कुंपणाच्या आत, खोडाला पांढरा-लाल पट्टा ओढलेला एक जुना लिंब आहे. तोच की दुसरा, कोण सांगणार. खाली लिंबुळ्या नव्हत्या, त्यांचे हे दिवस नव्हेत. वाळकी पानं होती, ती पायाखाली वाजली.

"हाय मामा," मी म्हटलं. "आहे झाड."

मागून एक्स्प्रेस आली. ती जाईपर्यंत दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू आलं नाही. मग मामा म्हणाले, "चढ आता. आपली सुटंल."